सुपारीचं खांडही नाही

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेलेली माणसं आणि इतर गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेलेली माणसं, यांच्या पार्श्वभूमीत नेमका काय फरक असतो हे शासनाला जाणून घ्यायचं होतं. शासनाला असं अधूनमधून काहीतरी जाणून घ्यावंसं वाटतं, आणि ते बहुधा मार्च जवळ आला की वाटतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी समाजशास्त्राच्या डॉ. साधना मानकर दोन विद्यार्थिनींना घेऊन वऱ्हाडातल्या एका कारागृहाच्या दारात उतरल्या. कारागृहाचं नाव सांगत नाही. अमरावतीकर म्हणतील अकोल्याचं, अकोलेकर म्हणतील अमरावतीचं, म्हणजे दोन्ही गावं समाधानी राहतील.

धर्मेंद्र तेव्हा आत होता. बाळापूरकडच्या एका खेड्यातल्या किसनरावांचा हा एकुलता एक मुलगा. घरचं काळं वावर, त्यात झेंडू, वांगी आणि कोबी, घरचाच पिकअप आणि अकोल्याच्या बाजारात बापाचं जुनं नाव. मित्राच्या हळदीहून पिऊन परत येताना त्यानं हा पिकअप अकोल्यात बाळापूर नाक्यावर पुंजारामच्या पेरूच्या हातगाडीवर घातला. पेरू रस्त्यावर गेले आणि पुंजाराम चाकाखाली आला. पाय वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही. त्याआधी एकदा असाच पकडला गेला असताना दंड भरून धर्मेंद्र सुटला होता. या खेपेला न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि आत पाठवलं.

आत गेल्यावर त्याला एका गोष्टीनं छळलं. पुंजाराम चाकाखाली असताना ओरडला नव्हता. "भाऊ, गाडी जराशी मांगं घे," एवढंच तो म्हणाला होता, गिऱ्हाइकाला बाजूला सरकायला सांगावं तशा आवाजात. तो आवाज धर्मेंद्रच्या कानातून जाईना. आई, म्हणजे मैनाबाई, भेटीला आली तेव्हा जाळीतून तिच्या बोटांना बोटं लावून त्यानं दारू सोडली. खरोखर सोडली. पुढे या गोष्टीत बरंच खोटं येणार आहे, म्हणून हे एक खरं आधीच सांगून ठेवतो.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची बराक वेगळी होती. तिच्यात एक माजी उपसरपंच होता, एक मास्तर होता, जिनिंगवाल्याचा पुतण्या होता, कंत्राटदार होता. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे. शेजारच्या बराकीत मोटारपंप चोरणारे, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडणारे आणि मोहाची दारू गाळणारा शालिकराम अशी साधी माणसं होती. दोन्ही बराकींचा एकमेकांशी घरोबा होता, कारण इस्त्रीवाल्यांपैकी निम्म्यांना शालिकराम धंद्यामुळे आधीपासून ओळखत होता.

आता झालं असं की, वऱ्हाडात माणसाला वावर किती, विहिरीला पाणी किती, घर स्लॅबचं की टिनाचं, भाऊ किती, शिक्षण किती आणि काही खाता-पिता का, हे सगळे प्रश्न एका दमात आयुष्यात एकाच प्रसंगी विचारले जातात. ते विचारायला बायका आल्या, त्यातली एक वयस्कर असली आणि बाकीच्या दोघी रुमालाआड हसत असल्या, तर ही मंडळी कुठून आली आणि कशाला आली हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉ. मानकरांनी आपण संशोधक आहोत असं सुरुवातीला स्पष्ट सांगितलं होतं. पण मुलीकडचे लोक पहिल्या भेटीत कधीच खरं कारण सांगत नाहीत, हेही बराकीला ठाऊक होतं. माजी उपसरपंचानं हळूच सगळ्यांना केस विंचरून घ्यायला सांगितलं.

धर्मेंद्रचा नंबर आला.

"शेती किती?" डॉ. मानकरांनी विचारलं.

"अठरा एकर. सारी ओलिताची."

होती आठ. पण अशा वेळी आठाला आठ कुणी म्हणत नाही, आणि मुलीकडचेही ऐकताना निम्मे धरूनच ऐकतात. डॉ. मानकर पुण्यात शिकलेल्या असल्यामुळे त्यांनी पूर्ण अठरा धरले.

"घरी कोण कोण?"

"माय, बाबा अन् मी. बहिणीचं झालं. आता घरात जबाबदारी काई नाई."

"मद्यपान?"

धर्मेंद्रनं मान खाली घातली. आत्ता घेत नव्हता, तेव्हा उत्तर अर्धं तरी खरं होणार होतं. "नाई घेत मॅडम."

"पूर्वी?"

"सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाई. चहा पन अर्धाच घेतो."

"मग ही शिक्षा कशी झाली?"

"नशीब," धर्मेंद्र म्हणाला. डॉ. मानकरांनी 'बाह्य परिस्थिती' असं टिपून घेतलं.

मास्तरचं लग्न झालेलं होतं, पण त्याचा धाकटा भाऊ उजवायचा होता. कंत्राटदाराचा मुलगा लग्नाचा होता. जिनिंगवाल्याचा पुतण्या तर स्वतःच घोड्यावर बसायला तयार होता. बराकीत एकूण वावर एवढं भरलं की तालुक्यात तेवढी जमीन असेल की नाही याची शंका यावी. आणि दारूचं नाव काढताच एकेकानं कानाला हात लावले.

डॉ. मानकर भोळ्या नव्हत्या. केवळ कैद्याच्या शब्दावर विसंबणं शास्त्राला धरून नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या बराकीत पडताळणी करायचं ठरवलं. शास्त्राचं इथंच चुकलं. मुलाबद्दल विचारायला आलेल्या माणसापुढे शेजाऱ्यानं वाईट बोलायचं नाही, हा वऱ्हाडातला असा नियम आहे जो मोडल्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात आजवर आलेली नाही. भावाभावांत धुऱ्यावरून कुऱ्हाडी चालल्या असतील, पण पाव्हणे विचारायला आले की तोच भाऊ म्हणतो, पोरगं हिरा आहे. जमलेली सोयरीक मोडायचं पाप कोण घेणार.

विद्यार्थिनीनं शालिकरामला विचारलं, "हा धर्मेंद्र पितो का हो?"

शालिकरामच्या हातची धर्मेंद्रनं इतक्यांदा नेली होती की बाटली धुऊन आणणारं गिऱ्हाईक म्हणून त्याचं नाव होतं. शालिकरामनं छातीवर हात ठेवला. "बाई, लेकरू सोनं हाय. त्याच्या तोंडाले कधी वास आला असन त माही जीभ झडो. तुमी डोळे झाकून द्या."

"काय द्या?"

"जे द्याचं असन ते द्या."

"आणि तुम्ही स्वतः घेता?"

"मी घेतो नं. करनाऱ्याले चाखा लागते." त्याला पाहायला कुणीच आलं नव्हतं, म्हणून स्वतःबद्दल खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. मोटारपंपवाल्यांनीही आणि डोकी फोडणाऱ्यांनीही आपण घेतो हे कबूल केलं, आणि शेजारच्या बराकीतल्या मंडळींना कुणी थेंब घेताना पाहिलेलं नाही अशी एकमुखानं ग्वाही दिली.

अहवाल तयार झाला. इतर गुन्ह्यांतले कैदी गरीब, कमी शिकलेले आणि बहुतांशी मद्यपी. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यातले कैदी मात्र सधन, सुशिक्षित, कुटुंबवत्सल आणि शंभर टक्के निर्व्यसनी. दोन्ही बाजूंनी पडताळलेला असा निखळ आकडा डॉ. मानकरांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. निष्कर्ष त्यांनी जपून लिहिला : 'मद्यपान न करणे आणि मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल शिक्षा होणे यांत घनिष्ठ संबंध आढळतो.' अमरावतीच्या परिषदेत हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. आपणही ते सकाळच्या चहाबरोबर वाचलं आणि आकडे आहेत म्हणजे काहीतरी असेलच, अशी मान हलवली.

रस्ता सुरक्षेसाठी नेमलेल्या एका समितीनं अहवाल गंभीरपणे घेतला. धोका कुणापासून आहे हे एकदा कळल्यावर गप्प बसणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. नाक्यानाक्यावर फुंकायची मशीन आली, आणि ज्याच्या फुंकरीवर काटा हलेल त्याला जाऊ द्यायचं, ज्याचा शून्यावर राहील त्याला बाजूला घ्यायचं, असा आदेश निघाला. मोझरीहून परतणाऱ्या एका भजनी मंडळाची जीप अडवली गेली. ओळीनं सगळे शून्य. हवालदारानं वरिष्ठांना फोन लावला, "साहेब, पुरी टोळीच सापडली." मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं खोकल्याचं औषध घेतलं होतं म्हणून काटा थोडा हलला आणि त्याला जीप चालवायला बसवून सगळ्यांना सोडण्यात आलं. त्याला गाडी येत नव्हती, पण तो मुद्दा आदेशात नव्हता.

विमावाल्यांनी निर्व्यसनी माणसाचा हप्ता वाढवला. एका देशी दारूच्या दुकानावर 'सुरक्षित वाहनचालकांचे अधिकृत केंद्र' अशी पाटी लागली. शासनाला महसूल आणि जनतेची सुरक्षा या दोन गोष्टी एकाच बाटलीतून मिळू लागल्याचं पाहून सचिवालयात समाधान पसरलं.

हे सगळं लग्नाच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. धर्मेंद्र सुटून आला तोवर मुलींच्या बापांनी अहवाल तोंडपाठ केला होता. किसनराव पोराचं स्थळ घेऊन जिकडे जातील तिकडे पहिला प्रश्न तोच.

"पोट्टा काई घेते का नाई?"

"नाई हो. सोडली त्यानं," किसनराव अभिमानानं सांगत.

"म्हंजे आता घेतच नाई?" समोरचा पाव्हणा चहाची बशी खाली ठेवी. "मंग पाहू. कळवतो."

तीन ठिकाणांहून असं 'कळवतो' आलं. किसनरावांचा जीव मेटाकुटीला आला. "तुले सोडाचीच होती त अहवाल याच्या आंधी सोडाची होती," ते म्हणाले.

धर्मेंद्रला वाटलं, चूक आपली आहे तर निस्तरावीही आपणच. तो एस.टी.नं अमरावतीला विद्यापीठात जाऊन डॉ. मानकरांपुढे उभा राहिला.

"मॅडम, मी तुमाले खोटं सांगतलं. मी पेत होतो. पिऊनच गाडी घातली मानसावर. आमची सारी बराक पेत होती."

डॉ. मानकरांनी त्याला पाणी दिलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही एक नमुना आहात धर्मेंद्र. एका नमुन्यानं निष्कर्ष बदलत नाहीत. शिवाय तुमच्या निर्व्यसनीपणाची कितीतरी लोकांनी ग्वाही दिली आहे. पिण्याची ग्वाही देणारे तुम्ही एकटे."

"पन मी खरं सांगून राहिलो."

"बरं, आज तुम्ही पिता का?"

"नाई. शपथ घेतली."

"मग झालं," डॉ. मानकर म्हणाल्या. "आमचा आकडा बरोबरच आहे."

बाहेर येऊन धर्मेंद्र रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला हसावं की रडावं ते कळेना. एवढं मात्र कळलं की पिणं सोडल्याबद्दल होते आहे तेवढी शिक्षा पिण्याबद्दलसुद्धा झाली नव्हती.

चौथं स्थळ अकोल्याचं आलं. मुलगी आचल, एका दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं काम करणारी. बाप नत्थुजी, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी काढून आता घरी बसलेले. किसनराव, मैनाबाई आणि धर्मेंद्र पाहायला गेले. पोहे झाले, चहा झाला, आणि पोरापोरीला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर कुरड्या वाळत होत्या. आचलनं विचारायच्या आधीच धर्मेंद्रनं सगळं सांगून टाकलं. आठ एकर आहे अठरा नाही, पुंजारामचा पाय, तुरुंग, शपथ, काहीच ठेवलं नाही. इतकं खरं तो सलग कधीच बोलला नव्हता.

आचल ऐकत राहिली. मग म्हणाली, "लग्नसराईत आमच्याकडे रोज एकदोन पाय येतात असे. गाडी घालनारा दरवेळी चांगल्या घरचाच असते." आणि तिनं विचारलं, "आता घेता?"

"नाई."

"पुढे?"

"नाई."

"मंग मले पसंत हाय तुमी," ती म्हणाली आणि कुरडई मोडून अर्धी त्याला दिली. धर्मेंद्रला खूप दिवसांनी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की खाली उतरताना तो दोन पायऱ्या चुकला.

खाली बैठकीत नत्थुजींनी दार लावून कपाट उघडलं होतं. टेबलावर काचेचे पेले, शेवचिवडा आणि बाटली.

"पाव्हणे, राग मानू नका," नत्थुजी किसनरावांना म्हणाले. "मले जमीन किती, घर कसं, काई पाह्याचं नाई. पोट्टी द्याची हाय, धोका घेता येत नाई. शंभरातले शंभर न पेनारे निंगाले त्या तुरुंगात. पोराले माह्या डोयासमोर एक घोट घेऊ द्या, माहा जीव भांड्यात पडन."

धर्मेंद्रनं बापाकडे पाहिलं.

"घे बाप्पा," किसनराव हलक्या आवाजात म्हणाले. "एका घोटानं काय होते. चौथी जागा हाय हे. पाचवी कोठून आनू?"

"बाबा, शपथ हाय."

"शपथ लगन झाल्यावर पाळजो. तवा कोनी इचारत नाई."

मैनाबाई पोह्यांच्या बश्या उचलायला आत गेली. बश्या मघाशीच उचललेल्या होत्या. ती आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि बाहेर आली नाही.

धर्मेंद्रला आचलचा चेहरा आठवला. ही पोरगी हातची जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या मनात होतं, आणि तिच्यापर्यंत जायचा रस्ता त्या पेल्यातून जात होता. त्यानं पेला उचलला आणि संपवला. नत्थुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग एकट्यानं एक घेणं बरं दिसत नाही म्हणून मुलीच्या काकानं दुसरा भरला. जोडीनं घ्यायची रीत म्हणून तिसरा झाला. बैठकीतली हवा एकदम मोकळी झाली. नात्याचे लोक जमले, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली आणि बाळापूर रोडवरचं लग्नाचं लॉन आत्ताच उजेडात पाहून घ्यावं असं सर्वानुमते ठरलं.

नत्थुजींनी आपल्या मोठ्या गाडीची किल्ली खिशातून काढली. स्वतः ते फक्त चहावर होते, त्यांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांनी किल्ली धर्मेंद्रच्या हातात ठेवली. "जावईबापू, तुमीच चालवा. मी काईच घेतलेली नाई, माह्या हातात गाडी देनं बरं नाई."



आचल साडी बदलून दारात आली. धर्मेंद्र तिच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा होता. ती जवळ आली आणि थांबली. तिनं वास घेतला, एकदाच.

"तुमी नाई म्हनले होते," ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच घेतली. तुमचे बाबा..."

"मी नाई बसत." ती बापाकडे वळली. "बाबा, मले हा नाई पाहिजे."

"काहून वो?" नत्थुजी चकित झाले. "घेते नं तो. म्या सोता पाह्यलं."

"म्हनूनच," आचल म्हणाली आणि घरात गेली. पोरगी लाजली, असं काकूनं सगळ्यांना समजावून सांगितलं. धर्मेंद्र किल्ली हातात घेऊन उभा राहिला. जिच्यासाठी शपथ मोडली ती दारातूनच आत निघून गेली होती, आणि जिला शपथ दिली होती ती अजून बाहेर आली नव्हती. गाडीत मंडळी बसली होती आणि नत्थुजी बाजूच्या सीटवरून हॉर्न वाजवत होते. तो गाडीत बसला.

बाळापूर नाक्यावर मशीनवाल्या हवालदारानं काच खाली करायला सांगितली. धर्मेंद्रनं फुंकलं. काटा चांगला हलला आणि हवालदारानं सलाम करून गाडी पुढे सोडली. नाक्याच्या पलीकडे पुंजाराम पेरूला मीठ लावून देत होता. गाडी जरा वाकडी येताना दिसली तशी त्यानं हातगाडी मागे ओढायला घेतली. पाय सरळ नसल्यामुळे त्याला आता वेळ लागतो.

ती गाडी सात जणांची. पुढे धर्मेंद्र आणि नत्थुजी, मधे किसनराव, काका आणि काकू. शेवटच्या सीटवर दोघांची जागा रिकामी होती, तिथं तुम्ही आणि मी बसलो होतो. वास आपल्यालाही आला होता. आचल न बसता आत गेली तेव्हा दार उघडंच होतं, आपल्यालाही उतरता आलं असतं. पण लॉनवर नाश्त्याची सोय आहे असं कळलं होतं, आणि सगळे बसले असताना आपणच उतरणं बरं दिसलं नसतं. आपण काच थोडी खाली केली. पोरगा चांगल्या घरचा होता, विचारपूस आपणच केली होती.